निवासी डॉक्टरांचं लर्निंग पोर्टल नव्याने करायचंय? आधी एक रात्र वॉर्डात बसा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॉलेजचं पीजी (पदव्युत्तर) लर्निंग पोर्टल आहे. लेक्चरचे व्हिडिओ, पीडीएफ, एमसीक्यू, ई-लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) असं सगळं त्यावर आहे, पण निवासी डॉक्टर ते उघडतच नाहीत. लॉगबुक परीक्षेच्या तोंडावर एकदम भरलं जातं. आता पोर्टल नव्याने करायला पैसे मंजूर झालेत. तेव्हा व्हिडिओ पुन्हा शूट करावेत का, मोबाइल ॲप करावं का आणि वापर सक्तीचा करावा का, हे तुम्हाला हवंय.

मी मेडिसिन शिकवते, पीजी गाइड आहे आणि असं पोर्टल मोडून पुन्हा उभं करण्याच्या कामात दोनदा होते. पहिल्या वेळी आमचं चुकलं, दुसऱ्या वेळी बरंच जमलं. तुमच्या तिन्ही प्रश्नांवर शेवटी येते, कारण त्याआधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे: पोर्टल अभ्यासक्रमाच्या यादीवरून रचायचं की ड्युटीवरून? माझं उत्तर ठाम आहे. ड्युटीवरून.

पहिल्या वेळी समितीत आम्ही सगळे अध्यापक होतो, जेआर (ज्युनिअर रेसिडेंट; जेआर वन, टू, थ्री म्हणजे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचा) एकही नव्हता. अभ्यासक्रम उघडला, त्यातले विषय मेनूत उतरवले. प्रत्येक विषयाखाली व्हिडिओ, त्याखाली पीडीएफ, त्याखाली प्रश्न. दिसायला सुरेख झालं, उद्घाटन झालं आणि महिन्याभरात शुकशुकाट. मग आम्ही निदान केलं की व्हिडिओ लांब आहेत, म्हणून तोडून छोटे केले. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. मुलांना ज्या क्षणी काही हवं असायचं, त्या क्षणी पोर्टल त्यांच्या कामाचं नव्हतं. हे आम्हाला कळलं नाही, कारण तो क्षण आम्ही पाहिलेलाच नव्हता. आम्हीही कधीतरी जेआर होतो, पण वीस वर्षांपूर्वीची आठवण आणि आजची ड्युटी यांत फार फरक पडलेला असतो.

दुसऱ्या वेळी म्हणून कंपन्यांना बोलावण्याआधी आमच्या इमर्जन्सीच्या दिवशी मी रात्री आठ ते सकाळी आठ वॉर्डात वही घेऊन बसले. शिकवायला नाही, फक्त पाहायला. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यातल्या काही नोंदी देते.

"9:40. जेआर वन नर्सिंग स्टेशनपाशी उभी. एका हातात केस पेपर, दुसऱ्यात फोन. डीकेएचा (मधुमेहातल्या गंभीर गुंतागुंतीचा) पेशंट. इन्सुलिन इन्फ्युजन कसं लावायचं ते युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शोधतेय. सिनिअरने काही महिन्यांपूर्वी टाकलेला, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो. फोटोत खालची ओळ कापली गेलीय. पोटॅशियमची ओळ."

"12:15. एका पेशंटचं पोटॅशियम 6.8, धोक्याचं. जेआर टूला फोन लावला. तो कॅज्युअल्टीत, उचलत नाही. सिस्टरनी आठवण केली, कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवलंय."

"2:50. दहा मिनिटं खुर्ची मिळाली. आईचा मेसेज वाचला. पुस्तक उघडलं, डोळे मिटले."

"4:30. एलपी (पाठीच्या कण्यातून पाणी काढणं). आज पहिल्यांदा स्वतः केली, जेआर थ्री शेजारी उभा. सुई बरोबर जागेत, पहिल्याच खेपेला. जेआर थ्री म्हणाला, छान. नोंद कुठेच नाही."

रात्रभरात फोन कितीतरी वेळा खिशातून निघाला, पण पोर्टल एकदाही उघडलं गेलं नाही. आणि नव्या पोर्टलला जे जे लागणार होतं ते सगळं या चार नोंदींत होतं. उभ्याने, एका हाताने, अर्ध्या मिनिटात हवं असलेलं उत्तर. सिनिअर नसताना लागणारा आधार. थकलेल्या डोक्याला झेपेल एवढा अभ्यास. आणि घडल्या घडल्या टिपायला हवा होता, पण हवेत विरून गेला तो शिकण्याचा क्षण.

अर्ध्या मिनिटाच्या उत्तरापासून सुरू करते.

यासाठी आम्ही "कार्ड" केली. एक प्रसंग, एक कार्ड, फोनच्या एका पडद्यात मावणारं. यात कारणमीमांसा नसते, इतिहास नसतो. आत्ता काय करायचं एवढंच असतं, आणि ते आपल्या हॉस्पिटलच्या कपाटात जे आहे त्याच भाषेत. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे, म्हणून एक उदाहरण देते. प्रसूतिशास्त्राच्या मॅडमनी एक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणातल्या झटक्यांचं) कार्ड केलं. पहिल्या खर्ड्यात पुस्तकातलंच होतं: प्रिचर्ड पद्धतीने मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट), 4 ग्रॅम शिरेतून, 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोलवर. बरोबर आहे. पण झटके येणाऱ्या बाईसमोर उभी असलेली जेआर वन ग्रॅममध्ये विचार करत नाही, तिच्यापुढे अँप्युल असतात. आपल्याकडे येणारं मॅगसल्फचं अँप्युल 50 टक्क्यांचं, 2 मिलीचं, म्हणजे 1 ग्रॅमचं. मग कार्ड बदललं: "ट्रेमध्ये 14 अँप्युल मांडा. 4 अँप्युल म्हणजे 8 मिली, त्यात 12 मिली सलाइन, एकूण 20 मिली, शिरेतून सावकाश. उरलेल्यातली 5 उजवीकडे, 5 डावीकडे. अँप्युलवरची टक्केवारी वाचल्याशिवाय फोडू नका." त्याखाली दर चार तासांच्या डोसआधी काय पाहायचं ते: गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वासाचा वेग, लघवी. आणि सगळ्यात खाली, लाल पट्टीत, उतारा म्हणून लागणारं कॅल्शियम ग्लुकोनेट कुठल्या कपाटात ठेवलंय ते. हे कार्ड पुस्तकाला धरूनच आहे, फक्त ट्रेपर्यंत आणून ठेवलंय.

प्रत्येक कार्डाखाली ते करणाऱ्या अध्यापकाचं नाव आणि पुढच्या तपासणीची तारीख हवीच. तारीख उलटली की कार्ड राखाडी व्हावं आणि त्या अध्यापकाला निरोप जावा. मालक नसलेलं कार्ड दोन वर्षांनी धोकादायक होतं. आपल्या जुन्या पोर्टलांवर असे बेवारस पीडीएफ किती असतात ते एकदा मोजा.

कार्डांचा खरा कस जिल्ह्यात लागतो. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅममध्ये पीजीला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य व्यवस्थेत काढावे लागतात. पोर्टलची रचना करणारे हे तीन महिने विसरतात, कारण त्या काळात मुलं त्यांच्या नजरेआड असतात. पण त्यांना आधाराची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते. मेडिकल कॉलेजात मागे वळलं की सिनिअर असतो, तिथे रात्री कधी कधी कुणी नसतं.

आमचा एक जेआर कोकणात होता. पावसाळ्याचे दिवस, फुरसं चावलेला शेतकरी आला. विषारी दंशात रक्त गोठतंय की नाही हे पाहायची वीस मिनिटांची चाचणी त्याला तोंडपाठ होती: 2 मिली ताजं रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी एकदाच तिरकी करायची, रक्त पातळच राहिलं असेल तर गोठण्याची क्रिया बिघडलीय. पण त्याने हातात आली ती प्लॅस्टिकची नळी घेतली. ही चाचणी काचेच्या नळीतच करायची असते. काचेच्या स्पर्शाने गोठण्याची साखळी सुरू होते, प्लॅस्टिकमध्ये तशी होत नाही. नळी कोरडी आणि स्वच्छ हवी, साबणाचा अंश राहिला तरी निकाल फसतो. त्याला शंका आली ती तिथल्या लॅब टेक्निशियनमुळे. "साहेब, काचेची देऊ का?" एवढंच ते म्हणाले. आमच्या जुन्या पोर्टलवर सर्पदंशावर लांबलचक व्हिडिओ होता. त्यात चारही प्रमुख साप, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, सुंदर चित्रांसह होते. नळी कसली हवी ते कुठेच नव्हतं. आता कार्डावर पहिलीच ओळ ती आहे, सोबत काचेच्या नळीचा फोटो आहे.

(थोडं विषयांतर, पण राहवत नाही. आपल्याच महाराष्ट्रात महाडसारख्या गावात बसून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. जिल्ह्यातली पोस्टिंग म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा असं मानणाऱ्या मुलांना मी हे दर वर्षी सांगते. पोर्टलवर जिल्ह्यातून वर येणाऱ्या माहितीला जागा ठेवा. सगळं ज्ञान कॉलेजातून खाली वाहतं असं नाही.)

जिल्ह्यासाठी दोन तांत्रिक अटी करारात घाला. सगळी कार्डं फोनमध्ये उतरलेली असावीत, नेटवर्क नसताना उघडावीत. आणि लॉगबुकची नोंद नेटशिवाय लिहिता यावी, रेंज आल्यावर आपोआप वर जावी. कंपनी "नंतर करू" म्हणेल. नंतर होत नाही, कारण त्यासाठी पायाच वेगळा घालावा लागतो.

शोधाची खिडकीही इथेच तपासून घ्या. "फुरसं" टाकलं, "फुरसे" टाकलं, रोमन अक्षरांत चुकीच्या स्पेलिंगने टाकलं, तरी तेच कार्ड यायला हवं. पहाटे तीन वाजता कुणी शुद्धलेखन सांभाळत नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक भाग सांगते, जो आम्ही उशिरा जोडला आणि आज सर्वांत लाडका आहे. सरकारी कॉलेजांतल्या पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. राजस्थान, केरळ, तमिळनाडूची हुशार मुलं नागपूर, लातूर, धुळ्याच्या वॉर्डात येतात आणि पहिले सहा महिने हिस्टरी घेताना चाचपडतात. त्यांना पोर्टलवर "मराठी शिका"चा कोर्स नकोय. त्यांना पेशंटची बोली हवीय. आम्ही सिस्टर आणि मावशींना सोबत घेऊन दोन-दोन मिनिटांच्या ऑडिओ फिती केल्या. पेशंट म्हणतो "दुखणं अंगावर काढलं", म्हणजे उपचार न घेता सोसलं. बाई दबक्या आवाजात म्हणते "अंगावरून जातंय", ती तक्रार स्रावाची. आणि नातेवाईक सांगतात "अंगावरून वारं गेलं", तेव्हा तो पक्षाघात असतो, घड्याळ पाहून पळायचं असतं. तिन्हींत "अंगावर" आहे. बाहेरून आलेल्या मुलाला ते एकच वाटतं. शब्दशः अर्थ लावून चालत नाही, अशीही यादी आहे: "दिवस गेलेत", "तोंड आलंय", "डोळे आलेत", "जीव घाबरा होतो". विदर्भ आणि खानदेशासाठी तिथल्या बोलीतल्या वेगळ्या फिती लागतात, त्या तिथल्याच सिस्टरकडून करून घ्या. यात एक पैशाचं तंत्रज्ञान नाही, फोनवर रेकॉर्ड होतं.

आता लॉगबुक. तुमच्या पोर्टलचं घोडं इथेच पेंड खातंय, म्हणून इथे जरा थांबते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमावलीने शिक्षण कौशल्याधारित असावं, ई-लॉगबुक असावं ही अपेक्षा स्पष्ट केली. हेतू अगदी योग्य आहे. प्रत्यक्षात मी काय पाहिलंय? परीक्षेआधीच्या आठवड्यात होस्टेलच्या एका खोलीत तिघेजण बसून तीन वर्षांच्या नोंदी आठवून भरताहेत. तारखा अंदाजाने. मग दोनशे नोंदी एकदम गाइडच्या पडद्यावर, आणि "सर्व मंजूर" असं एक बटण. मीही ते बटण दाबलंय. यात कुणी बेइमान आहे असं मला वाटत नाही. बावीस रकान्यांचा फॉर्म दिला, तो फक्त संगणकावर उघडतो, गाइडला महिनोन्महिने तो दिसत नाही, तर याहून वेगळं काय होणार?

पहाटे साडेचारची ती एलपी आठवा. तिची नोंद व्हायला किती वेळ होता? हातमोजे काढून सँपल लॅबला पाठवेपर्यंतचा. म्हणून आमच्या नव्या नोंदीत चारच गोष्टी राहिल्या: काय केलं, पाहिलं की मदत केली की स्वतः केलं, शेजारी कोण होतं, आणि वाटल्यास एक ओळ किंवा बोलून ठेवलेला वीस सेकंदांचा निरोप. तारीख आणि वेळ फोन स्वतः टाकतो. वय, लिंग, निदान वगैरे हवं तर नंतर सावकाश भरता येतं.

मग नोंद लगेच त्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या फोनवर जाते, मग तो जेआर थ्री का असेना. जुन्या पद्धतीत सही फक्त गाइडची चालायची. पण वॉर्डात निम्म्याहून जास्त शिकवणं सिनिअर रेसिडेंट आणि जेआर थ्रीच करतात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. ज्याने पाहिलं त्यालाच विचारा. गाइडला महिन्यातून एकदा सगळ्याचं एकत्र चित्र दिसू द्या.

आणि विचारायचं काय? इथे आम्ही सर्वांत जास्त डोकं लावलं. आधी दहापैकी गुण होते. सगळ्यांना आठ मिळायचे. सहा दिले तर मूल दुखावतं, नऊ दिले तर आपल्यालाच पटत नाही. नेदरलँड्सच्या उट्रेख्टमधले ओले टेन काटे यांनी 2005 च्या सुमारास एक वेगळी दिशा दाखवली: किती गुण हे विचारू नका, यांच्यावर किती सोपवता येईल हे विचारा. आम्ही ते आपल्या भाषेत उतरवलं. नोंद उघडली की पडद्यावर एकच प्रश्न येतो: "पुढच्या वेळी ही डॉक्टर हे करत असताना तुम्ही कुठे असायला हवं?" आणि चार बटणं: शेजारी. वॉर्डात. फोनवर. गरज नाही.

याचा परिणाम पहिल्याच आठवड्यात जाणवला. आठ गुण देणारे आमचे एक ज्येष्ठ सर, एका मुलाच्या सेंट्रल लाइनवर (मोठ्या शिरेत तारेवरून नळी घालण्यावर) त्यांनी "शेजारी" दाबलं आणि खाली बोलून ठेवलं, "सुई छान घालतोस, पण गाइडवायर हातातून सोडलीस. ती कधी सोडायची नाही. परवा माझ्यासोबत कर." तीन वर्षांच्या लॉगबुकात याहून उपयोगी वाक्य मी वाचलेलं नाही. गुणांच्या रकान्यात हे वाक्य आलं नसतं, कारण गुण दिला की काम संपल्यासारखं वाटतं. "कुठे असायला हवं" असं विचारलं की डोळ्यांपुढे पुढचा पेशंट येतो.

उशिरा भरलेली नोंद बंद करू नका. तीन दिवसांनंतरच्या नोंदीवर फक्त "नंतर भरलेली" अशी खूण येऊ द्या. दार बंद केलं की मुलं खोटी तारीख टाकण्याचे मार्ग शोधतात, उघडं ठेवलं की खरं लिहितात.

पेशंटचं नाव आणि आयपी (भरतीचा) नंबर मात्र लॉगबुकात कुठेही नको, रकानाच ठेवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला, पण कायदा नसता तरी हे आपलं कर्तव्यच होतं. आज एक्स-रेचे नावासकट फोटो व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतात, कारण केस दाखवायला दुसरी सोयच नाही. पोर्टलमध्ये कॅमेरा द्या, फोटो काढताच कोपऱ्यातलं नाव झाकलं जाईल आणि तो फोनच्या गॅलरीत उतरणार नाही अशी सोय करा. मुलं आपणहून तिकडे येतील.

चुकांबद्दल लिहिण्याच्या जागेचा विचार याहून जपून करा. स्वतःच्या चुकीवर लिहिणं हे शिकण्याचं मोठं साधन आहे, पण ते कोण वाचणार यावर सगळं अवलंबून असतं. ब्रिटनमध्ये 2018 साली डॉ. हदीझा बावा-गर्बा प्रकरण गाजलं. एका लहान मुलाच्या मृत्यूनंतर या प्रशिक्षणार्थी डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढलं गेलं आणि त्याच वर्षी अपिलात तो निर्णय फिरला. त्या काळात तिथल्या प्रशिक्षणार्थींमध्ये ई-पोर्टफोलिओत मोकळेपणाने लिहिण्याची भीतीच बसली. आपण ती भीती पहिल्या दिवसापासून निर्माण करायला नको. आमच्याकडे असं लिखाण फक्त लिहिणाऱ्याला दिसतं. त्याने ठरवलं तरच एका अध्यापकाला दिसतं. एचओडींना (विभागप्रमुखांना), परीक्षा विभागाला, प्रशासनाला दिसत नाही. यावर बैठकीत वाद होईल. तुम्ही मागे हटू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

थकलेल्या डोक्याच्या अभ्यासाबद्दल आता. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात असं दिसलं की पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे, पण आठवड्याने पाहिलं तर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे. निवासी डॉक्टरांवरही काम झालेलं आहे. हार्वर्डचे यूरॉलॉजिस्ट प्राइस करफूट यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या यूरॉलॉजीच्या रेसिडेंटना ईमेलने थोडे थोडे प्रश्न अंतर राखून पाठवले, आणि 2007 मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत या पद्धतीचा फायदा दिसला. म्हणजे हजार प्रश्नांची बँक देऊन "सोडवा" म्हणण्यात अर्थ नाही. दिवसाला दोन प्रश्न पुरेत. चुकला तो लवकर परत यावा, बरोबर आला तो उशिरा.

आम्ही त्यात एक भर घातली: प्रश्न लॉगबुकशी जोडले. सोमवारी एलपीची नोंद केली की गुरुवारी एलपीवरचा प्रश्न येतो, त्या सीएसएफच्या (कण्यातून काढलेल्या पाण्याच्या) आकड्यांसारखेच आकडे घेऊन. स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टीवरचा प्रश्न मुलं टाळत नाहीत. आणि पोस्ट-इमर्जन्सीच्या (इमर्जन्सी ड्युटीनंतरच्या) दिवशी प्रश्न जात नाहीत. ड्युटीचं वेळापत्रक पोर्टलला माहीत असायला हवं. छत्तीस तास जागलेल्या माणसाला "तुमचे दोन प्रश्न बाकी आहेत" असा निरोप जाणं मला माणुसकीला धरून वाटत नाही.

आता तुमचे तीन प्रश्न.

व्हिडिओ पुन्हा शूट करू नका. आधी जे आहेत ते चाळा. जे पाहिल्याशिवाय समजत नाही तेवढेच ठेवा: चालण्याचे प्रकार, झटक्यांचे प्रकार, श्वासाचे आवाज, इंटरकॉस्टल ड्रेन (छातीत घालायची नळी) घालताना हात कसे असतात ते. उरलेल्या लेक्चरांचा मजकूर काढून शोधता येईल असा ठेवा आणि व्हिडिओ बाजूला करा. जुने परस्परसंवादी मॉड्यूल फ्लॅशमध्ये असतील तर ते तसेही मेलेले आहेत, 31 डिसेंबर 2020 पासून फ्लॅश बंद आहे. सगळ्यांनी पहिल्या वर्षात करायचे रिसर्च मेथडॉलॉजी, एथिक्स आणि कार्डिॲक लाइफ सपोर्टचे कोर्स पोर्टलवर परत शिकवू नका. फक्त प्रमाणपत्र ठेवायची जागा आणि मुदतीची आठवण द्या.

ॲप करायचं का? कार्डं आणि लॉगबुक फोनवर नेटशिवाय चालायला हवेत, ते ज्याने जमेल ते करा. ब्राउझरमधूनच फोनवर ठेवता येणारी वेबसाइट पुष्कळदा पुरते आणि स्वस्त पडते. अध्यापकांचं मासिक चित्र, थिसीसची प्रगती, सेमिनारचं वेळापत्रक संगणकावर बरं. दुकानातून ॲप उतरवायला लावलं की ज्येष्ठ अध्यापक तिथेच गळतात. नोंदीची लिंक फोनवर आली, दाबली, बटण दाबलं, संपलं, असं हवं.

सक्ती? मुलांवर लॉगिनची सक्ती नको. किती वेळा आले, किती मिनिटं पाहिलं हे आकडे मागणंच बंद करा. मिनिटं मोजली की व्हिडिओ चालू ठेवून फोन उशाशी जातो, हे मी होस्टेलमध्ये पाहिलंय. त्याऐवजी दोन गोष्टी मोजा. कौशल्य घडल्यापासून नोंद होईपर्यंत किती वेळ गेला, आणि नोंद झाल्यापासून अध्यापकाचं उत्तर येईपर्यंत किती. दुसरा आकडा विभागाच्या बैठकीत दर महिन्याला वाचला जावा. सक्ती करायचीच तर ती आमच्यावर, अध्यापकांवर करा. चार-पाच नोंदी अनुत्तरित राहिल्या की मूल लिहिणं थांबवतं, मग कितीही सुंदर पडदे केले तरी मागचे पाढे पंचावन्न.

सुरुवात एका विभागाने करा, एका सत्रासाठी. ज्या विभागाच्या एचओडींना मनापासून करायचंय तो निवडा, मोठा विभाग नको. परीक्षेच्या सत्रात नको, आणि नवे जेआर वन रुजू होण्याच्या पंधरवड्यातही नको. समितीत निम्मे निवासी डॉक्टर ठेवा, एक सिस्टर ठेवा, आणि बैठका त्यांच्या ओपीडीच्या वेळेत लावू नका.

कंपनीच्या करारात एक कलम आत्ताच लिहून घ्या, कारण सही झाल्यावर ते मिळत नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला त्याची संपूर्ण लॉगबुक, अध्यापकांच्या बोलक्या निरोपांसकट, कुठेही उघडेल अशा स्वरूपात नेता आली पाहिजे. करार संपला तरी कॉलेजला सगळा डेटा तसाच परत मिळाला पाहिजे. त्या सरांचा गाइडवायरचा निरोप तो मुलगा आजही ऐकतो. तो आता एका उपजिल्हा रुग्णालयात आहे आणि आलेल्या मेडिकल ऑफिसरना सेंट्रल लाइन शिकवतो.

तुमच्या पहिल्या रात्रीची वही झाली की मला कळवा. कार्डांचे आमचे नमुने देईन, त्यात तुमच्या कपाटातली अँप्युल मात्र तुम्ही स्वतः बघून भरा.